लाउटरब्रुनेनचा डिटेल नकाशा कुठं मिळेल? आधी तपकिरी रेषा मोजायला शिका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून दहा दिवस स्वित्झर्लंडला लाउटरब्रुनेनमध्ये मुक्काम, सोबत पासष्टीच्या पुढचे सासू-सासरे आणि अकरा वर्षांचा मुलगा, रोज थोडंथोडं चालायचंय, मोठा ट्रेक वगैरे नाही, सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे त्यांना 'टोपोशीटसारखा' (म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या उंच-सखल दाखवणाऱ्या सरकारी नकाशासारखा) कागदी नकाशा हवाय, तो पुण्यात कुठं मिळेल आणि नाहीच मिळाला तर गूगल मॅप्सवर भागेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, गावात भागेल, डोंगरात नाही भागणार. आणि पहिल्याचं असं की पुण्यात दुकानं धुंडाळू नका, परदेशातून कुरिअरनं मागवायच्या फंदातही पडू नका, कारण त्या देशाचा सगळ्यात डिटेल नकाशा त्यांच्या सरकारनंच फुकट ठेवलाय, तुम्ही आत्ता जेवणाच्या टेबलावर बसून तो उघडू शकता.

मी गेली बावीस वर्षं जीआयएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामात आहे आणि उन्हाळ्यात (तिकडच्या, आपल्याकडं तेव्हा पावसाळा असतो) ओळखीपाळखीच्या लोकांना आल्प्समध्ये चालायला घेऊन जातो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी मे महिन्यात येतोच येतो. पण नकाशा कुठं मिळेल हे सांगण्याआधी माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण तुम्ही नेमक्या त्याच भागात चाललाय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा घरचे सोबत होते, वडील तेव्हा चौसष्टचे. स्टेशनवर एक सुंदर रंगीत फोल्डर फुकट मिळालं, त्यात आयगर, म्योंख, युंगफ्राऊ हे डोंगर मागं झकास रंगवलेले, पुढं हिरवीगार कुरणं, त्यावर लाल रेषांनी पायवाटा. मेनलिशेनला केबल कारनं वर गेलो, तिथून दोन वाटा दिसत होत्या, एक क्लाइने शायडेगला जाणारी आणि एक खाली वेंगेनला. फोल्डरवर वेंगेनची वाट छोटी दिसत होती, दोन बोटं. शायडेगची चांगली चार बोटं. मी म्हटलं चला खाली, तासाभरात हॉटेलवर चहा. ताई, तो तासभर साडेतीन तासांचा झाला, वडिलांचे गुडघे अर्ध्या वाटेतच बोलायला लागले आणि पुढचे दोन दिवस ते खोलीच्या बाल्कनीतून डोंगर बघत बसले. आणि मी म्हणे नकाशावाला माणूस!

झालं काय होतं, तर ते फोल्डर म्हणजे नकाशा नव्हताच, ते चित्र होतं. चित्रकार डोंगर छान दिसावेत म्हणून ताणतो, दाबतो, वळवतो, त्यात स्केल नसतं. मेनलिशेनचं केबल कार स्टेशन साधारण २,२२५ मीटरवर, वेंगेन १,२७४ वर, म्हणजे सरळ साडेनऊशे मीटर उतार. आतकरवाडीतून सिंहगड चढतो ना आपण, तो साधारण ६०० मीटर. म्हणजे दीड सिंहगड, तोही सलग उतरायचा, आणि उतार गुडघ्यांना चढापेक्षा जास्त लागतो हे तुमच्या सासऱ्यांना सांगायला नको. उलट मेनलिशेन ते क्लाइने शायडेग ही वाट साडेचार किलोमीटर आहे, अंतर जास्त, पण शायडेग २,०६१ मीटरवर, म्हणजे सगळा मिळून दीडशे-पावणेदोनशे मीटरचा उतार, रुंद वाट, लोक बाबागाड्या ढकलत नेतात.

आता हेच खऱ्या नकाशावर बघा. कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या तपकिरी रेषा, आणि त्या भागात स्विस नकाशावर दोन कंटूरमधलं उंचीचं अंतर २० मीटरचं असतं. शायडेगच्या वाटेवर सुरुवातीपासून शेवटापर्यंत हिशोबानं आठेक रेषा उतरायच्या. वेंगेनच्या वाटेवर सत्तेचाळीस! वाट लांब की आखूड हे नंतर, आधी किती तपकिरी रेषा ओलांडतोय ते मोजा. गूगल मॅप्स डोंगरात कमी पडतो तो इथंच, वाट दाखवली तरी तो नेहमीचा नकाशा तुम्हाला सपाटच दिसतो. आणि अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, गूगलचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवला तरी ऑफलाइन असताना चालत जायचा रस्ता तो सांगत नाही, फक्त गाडीचा सांगतो. डोंगरात गाडीचा रस्ता घेऊन काय करणार.

तर नकाशा. स्वित्झर्लंडच्या सर्व्हे ऑफ इंडियाचं नाव स्विसटोपो. त्यांची वेबसाइट मॅप डॉट जिओ डॉट ॲडमिन डॉट सीएच, इंग्रजीत आहे, लॉगिन नाही, पैसे नाहीत, आणि झूम करत गेलात की आधी १:५०,००० मग १:२५,००० मग १:१०,००० पर्यंतचा नकाशा येतो, एकेक गोठा, एकेक ओढा. मार्च २०२१ पासून त्यांनी बहुतेक सगळा डेटा फुकट खुला केला, त्याआधी आम्ही लोक डिजिटल शीटला पैसे मोजायचो. त्यांचंच स्विसटोपो नावाचं ॲप आहे, तेही फुकट, त्यात हवा तो भाग ऑफलाइन साठवता येतो. निघण्याआधी पुण्यात घरच्या वायफायवर लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड, म्युरेन हा पट्टा साठवून टाका आणि मग फोन एरोप्लेन मोडवर टाकून उघडतंय का ते बघा. हे शेवटचं कुणी करत नाही आणि मग तिथं केबल कारमध्ये बसून 'अरे डाउनलोड अर्धवटच झालंय' होतं.

वेबसाइटवर एक लाइन ओढायचं टूल आहे, ते वापरून मेनलिशेनपासून वेंगेनपर्यंत वाटेवरून क्लिक करत जा, खाली उंचीचा आलेख येतो आणि चालायला किती वेळ लागेल तोही आकडा येतो. हा वेळ कुणासाठी असतो? सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर चालणाऱ्या, न थांबणाऱ्या माणसासाठी. तिथल्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात, त्यांच्यावर किलोमीटर नसतात, तासमिनिटंच लिहिलेली असतात, आणि ती याच हिशोबानं काढलेली, त्यात फोटो नाही, डबा नाही, 'जरा बसू' नाही. आपल्या मंडळींसाठी मी सरळ दीडपट धरतो, सासूबाई सोबत आहेत म्हणजे उतारावर दुप्पटच धरा. खरं सांगू का, जायच्या आधी एका रविवारी सगळ्यांना सिंहगडावर घेऊन जा आणि घड्याळ लावा, म्हणजे तुमच्या घरचा स्वतःचा आकडा हातात येईल, मग तिकडची पाटी काहीही म्हणू दे.

नकाशात हायकिंग ट्रेल्स नावाचा थर चालू केलात की वाटा तीन प्रकारच्या दिसतील. पिवळी म्हणजे साधी वाट, चांगले बूट असले की कुणीही जाऊ शकतो. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, अरुंद, कधी दरीच्या कडेनं, सवय हवी. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे हात लावून चढायचं, बर्फ, दोर, ते आपल्यासाठी नाहीच. तुमच्या मंडळींसाठी पिवळ्या बघा आणि लाल घ्यायची झालीच तर कंटूर मोजून घ्या, कारण काही लाल वाटा नुसत्याच खडबडीत असतात तर काही पोटात गोळा आणतात, आणि रंग दोघींचा एकच.

दुसरा थर वाटा बंद असल्याचा, क्लोजर्स म्हणून शोधा. दरड, पूल दुरुस्ती, झाडतोड, काहीही कारणानं वाट बंद असेल तर तिथं दिसतं आणि पर्यायी वाटही बहुतेक वेळा दाखवलेली असते. हा आदल्या रात्री बघायचा, पुण्यातून निघताना नव्हे. बर्फाचं मात्र नकाशाला विचारून उपयोग नाही. जूनच्या शेवटी लाउटरब्रुनेनमध्ये टीशर्टवर फिराल पण २,३०० मीटरच्या वर सावलीच्या बाजूला बर्फाचे पट्टे पडलेले असू शकतात, नकाशावर वाट ठळक असते आणि जमिनीवर ती पांढऱ्याखाली गाडलेली असते. ग्रिंडेलवाल्डच्या वरच्या फिर्स्टवरून बाखआल्पझे तलावापर्यंत (२,२६५ मीटर) बहुधा मिळेल तुम्हाला, पण तिथून पुढं फाउलहॉर्न (२,६८१) आणि शीनिगे प्लाटेकडं जाणारी ती प्रसिद्ध लांबलचक वाट, पंधरा-सोळा किलोमीटरची, ती जुलैच्या आधी डोक्यातच आणू नका, आणि या मंडळींसोबत जुलैनंतरही नको. सकाळी उठलं की केबल कारवाल्यांचे वेबकॅम बघायचे, पाच मिनिटांचं काम.

आता कागद. सासऱ्यांची मागणी मला मनापासून पटते, कागदावर एका नजरेत अख्खं खोरं दिसतं, फोनवर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं वाटतं. शिवाय कागद चार जणांच्या मध्ये पसरता येतो, फोन एकाच्याच हातात राहतो आणि बाकीचे 'अजून किती राहिलं' विचारत बसतात.

त्यासाठी दोन रस्ते आहेत. एक म्हणजे घरीच प्रिंट. त्याच वेबसाइटवर प्रिंटचं बटण आहे, स्केल १:२५,००० निवडा, ए४ ची पीडीएफ मिळते, एका कागदावर साधारण सात बाय पाच किलोमीटर बसतं, म्हणजे एका दिवसाच्या फिरण्याला एक किंवा दोन कागद. पण प्रिंट काढताना प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' असेल ते काढून 'ॲक्चुअल साइज' करा, नाहीतर तो शहाणा प्रिंटर नकाशा पाच टक्क्यांनी आकसवतो आणि सगळी मापं चुकतात. बरोबर आलंय का ते पट्टीनं तपासा, एक किलोमीटर म्हणजे कागदावर बरोबर ४ सेंटिमीटर भरला पाहिजे, स्केलची पट्टी असतेच छापलेली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं कलर लेझर प्रिंट काढा, इंकजेटची शाई पहिल्या थेंबाला वाहते आणि तिथं दुपारी चारला सर येतेच. वर प्लास्टिकची पारदर्शक फाइल.

दुसरा रस्ता म्हणजे तिथं पोचल्यावर छापील शीट विकत घ्यायचं, इंटरलाकेनला पुस्तकांच्या दुकानात, टुरिस्ट ऑफिसमध्ये मिळतात, वीस फ्रँकांच्या आसपास जातात. स्वस्त नाही, पण कागद असा की दहा वर्षं टिकेल. इथं एक गंमत आहे जी आधी माहीत असलेली बरी. स्विस शीटांचे तुकडे आयताकृती, आपल्या टोपोशीटांसारखेच, त्यांना गावाशी देणंघेणं नसतं. १:२५,००० ची घ्यायला गेलात तर लाउटरब्रुनेन १२२८ वर येतं, वेंगेन त्याच शीटच्या अगदी उजव्या काठाला चिकटलेलं, मेनलिशेन, क्लाइने शायडेग आणि ग्रिंडेलवाल्ड १२२९ वर, आणि म्युरेन खाली १२४८ वर. तुमच्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या भागाला तीन शीटं! १:५०,००० ची घेतलीत तर २५४ नंबरच्या इंटरलाकेन शीटवर लाउटरब्रुनेन, वेंगेन, शायडेग, ग्रिंडेलवाल्ड सगळं येतं, फक्त म्युरेन खाली २६४ वर, युंगफ्राऊ शीटवर जातं. नंबरापुढं टी असलेली आवृत्ती मागायची, तीत पायवाटा ठळक केलेल्या असतात, बस थांबेसुद्धा दाखवलेले. हल्ली १:३३,३३३ ची हायकिंग मालिका पण आलीय, विचित्र आकडा वाटतो पण सोपा आहे, ३ सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तुमच्या भागाचं शीट दुकानात दिसलं तर आधी ते उघडून बघा, लाउटरब्रुनेन आणि म्युरेन दोन्ही एका कागदावर असतील तर तेच घ्या आणि बाकीचं विसरा.

१:६०,००० चे खाजगी कंपन्यांचे हायकिंग नकाशे पण असतात, रंगीत, मागं वाटांची वर्णनं छापलेली. खोलीत बसून उद्या कुठं जायचं हे ठरवायला चांगले आहेत. वाटेवर मला ते अपुरे वाटतात.

सासऱ्यांसाठी खास. टोपोशीट वाचणाऱ्या माणसाला स्विस नकाशा पाच मिनिटांत कळतो पण काही गोष्टी बघून ते खूश होतील. कंटूरचा रंग जमीन बघून बदलतो, माती-गवतावर तपकिरी, खडक आणि दगडगोट्यांवर काळा, हिमनदीवर निळा. म्हणजे एकच १,९०० ची रेषा चालता चालता रंग बदलते आणि तुम्हाला न जाता कळतं की इथं पायाखाली काय असणार. वाट काळ्या रेषांच्या गर्दीतून जात असेल तर घोट्याची काळजी घ्या. कडे तर असे रेखाटलेत की नुसतं बघत बसावं. आणि डोंगरांची सावली वायव्येकडून उजेड पडतोय असं धरून रंगवलेली असते, जिथून त्या देशात सूर्य भर दुपारी कधीच नसतो, पण तसं नाही केलं तर आपल्या डोळ्यांना दऱ्या डोंगर दिसतात आणि डोंगर दऱ्या. उंचीचा अंदाज यायला त्यांना एवढंच सांगा की म्युरेन हे गाव, दुकानं असलेलं गाव, १,६३८ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (१,६४६) फक्त आठ मीटर खाली.

आणि त्यांच्या कोऑर्डिनेटची पद्धत. अक्षांश-रेखांशाऐवजी तिथं मीटरमधले आकडे वापरतात, बर्नला मूळ धरून पण शून्यापासून नाही, पूर्वेचा २६,००,००० आणि उत्तरेचा १२,००,००० असे मुद्दाम ठेवलेत. त्यामुळे पूर्वेचा आकडा नेहमी उत्तरेच्या आकड्यापेक्षा मोठाच येतो, घाबरलेल्या माणसानं फोनवर उलटसुलट सांगितले तरी ऐकणाऱ्याला बरोबर जागा कळते. किती डोकं लावलंय बघा. ॲपमध्ये तुमच्या जागेचे हे आकडे दिसतात, कुठं दिसतात ते मुलाला शोधून ठेवायला सांगा, अकरा वर्षांचं पोर हे आपल्यापेक्षा लवकर करतं. हेलिकॉप्टर बचावसेवेचा नंबर १४१४, आणि ११२ युरोपभर चालतो.

सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी ती छोटी यंत्रं कुणीतरी तुम्हाला सुचवेल, तिथं दुकानात मस्त दिसतात. घेऊ नका. लाउटरब्रुनेन परिसरात त्याची गरज नाही, आणि भारतात ती परवान्याशिवाय आणता येत नाहीत, एअरपोर्टवर लोक अडकलेत.

फोनमध्ये दुसरं एखादं ॲप असावं असं वाटत असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स टाका, फुकट, ऑफलाइन, पायवाटा असतात आणि कंटूरही दिसतात. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला नकाशा, २००४ ला इंग्लंडमध्ये सुरू झाला. स्वित्झर्लंडमध्ये मी त्याला दोन नंबर देतो, तिथं सरकारीच सरस आहे. पण तुमच्या सिंहगडच्या सरावाला तोच उपयोगी, आपल्या सह्याद्रीतल्या बऱ्याच वाटा ट्रेकर पोरांनी त्यात टाकल्यात.

तुम्ही शेवटी विचारलंय की परतीत दोन दिवस शामोनीला गेलो तर. तो फ्रान्स, तिथं स्विस नकाशाचा भरवसा धरू नका, तिथली संस्था आयजीएन, १:२५,००० ची टॉप २५ मालिका, शामोनीला ३६३० ओटी नंबरचं शीट, गावातल्या दुकानांत मिळतं, आणि त्यांचंही कार्त आयजीएन नावाचं फुकट ॲप आहे. तिथं कंटूर डोंगरात १० मीटरचे असतात हे मात्र विसरू नका! स्विस नकाशावर आठवडाभर रेषा मोजायची सवय लागली की फ्रेंच नकाशावर तीच टेकडी दुप्पट उभी वाटते, एका ग्रुपमधल्या काकांनी त्या भीतीनं चांगली सोपी वाट रद्द केली होती. कुठलाही नवा नकाशा हातात आला की आधी कोपऱ्यात कंटूरचं अंतर बघायचं.

पहिल्या दिवशी काय करायचं तेही सांगतो, म्हणजे सगळ्यांचे पाय आणि नकाशा दोन्ही तपासून होतील. लाउटरब्रुनेनहून केबल कारनं ग्र्युत्शाल्प, तिथून छोट्या रेल्वेगाडीनं म्युरेन, आणि म्युरेनहून चालत परत ग्र्युत्शाल्प. वाट साडेचार किलोमीटरच्या आसपास, उतार सगळा मिळून दीडशे मीटर, रेल्वेचा रूळ सोबतीला आणि उजवीकडं दरीपलीकडं आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ओळीनं. वाटेत विंटरएग नावाचं स्टेशन लागतं, सासूबाई दमल्या तर तिथं गाडीत बसवा. मात्र ही वाट नेमकी २६४ आणि २५४ च्या शिवणीवर येते, म्हणून १:५०,००० ची दोन शीटं घेतली असतील तर आदल्या रात्री सासऱ्यांना ती टेबलावर जोडून काठ घडी करून ठेवायला सांगा, म्हणजे वाऱ्यात उभं राहून दोन कागदांशी मारामारी नको. टोपोशीट जोडण्यात पाटबंधारेवाल्यांची हयात गेलेली असते, ते तुम्हाला हात लावू देणार नाहीत.